पेनांगची आंबट लाक्सा

परदेशीं गेलेला मनुष्य तेथील देवळें मोठ्या हौसेनें पाहतो, तेथील भाषेंतले चार शब्द पाठ करतो, आणि तेथल्या लोकांच्या सौजन्याची वाखाणणीहि करतो. परंतु जेवणाची वेळ झाली म्हणजे त्याचीं पावलें जड होतात. समोर आलेलें अन्न कशाचें आहे, तें कोणीं शिजवलें, आपल्या पोटाला तें मानवेल कीं नाहीं, अशा शंकांनीं त्याचें मन व्यापून जातें. ज्याच्या घरीं तो पाहुणा म्हणून उतरलेला असतो, त्याच्या मनाची अवस्थाहि त्या वेळीं फारशी सुखाची नसते. पाहुण्यानें ताट बाजूस सारलें, म्हणजे अन्नाबरोबर अन्न वाढणारालाहि तो नकार जाऊन पोंचतो. मलेशियांतील पेनांग बेटावर एका मराठी दांपत्यावर अलीकडे असाच प्रसंग आला. त्या प्रसंगाच्या आधारानें तेथील एका प्रसिद्ध पदार्थाची ओळख श्रोत्यांना करून देणें, हा या भाषणाचा हेतु आहे.

पेनांग हें मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचें बेट. मलय भाषेंत पिनांग म्हणजे सुपारी. तेव्हां त्याचें नांव आपल्या भाषेंत सुपारीचें बेट असें होईल. १७८६ सालीं फ्रान्सिस लाइट या इंग्रज व्यापाऱ्यानें केदाहच्या सुलतानाशीं बोलणें करून तें ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत आणलें आणि तेथें जॉर्जटाउन हें शहर वसवलें. १८६७ पर्यंत त्याचा कारभार हिंदुस्थानांतील इंग्रज सरकारच्या हाताखालीं चालत होता. चिनी, तमिळ, अरब, आचेनी, सयामी, ब्रह्मी असे नाना जातींचे लोक कोणी व्यापारासाठीं, कोणी मोलमजुरीसाठीं येथें आले आणि मूळच्या मलय लोकांच्या शेजारीं राहिले. २००८ सालीं युनेस्कोनें मलाक्काबरोबर जॉर्जटाउनचाहि जागतिक वारसास्थळांच्या यादींत समावेश केला. बेटाच्या दक्षिण भागांत बायान लेपास येथें १९७२ सालीं करमुक्त व्यापारक्षेत्र स्थापन झालें, आणि तेव्हांपासून तेथें इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठमोठे कारखाने उभे राहिले आहेत.

दादरच्या ज्या दांपत्याची ही हकीकत आहे, त्यांची कन्या यांपैकींच एका कारखान्यांत इंजिनियर आहे. गृहस्थ बँकेंतून निवृत्त झालेले. पत्नी मूळच्या मालवणच्या. कन्येनें पेनांगमध्येंच जन्मलेल्या एका तमिळ शिक्षकाशीं विवाह केला. त्या तरुणाचे पणजोबा तामिळनाडूंतून रबराच्या मळ्यावर कामास आले, आणि पुढें तें घराणें तेथेंच रुळलें. लग्न मुंबईस रीतसर झालें. गृहस्थांनीं कोठेंहि उणें पडूं दिलें नाहीं. परंतु मनांतून ते त्या मुलापासून अंतर राखूनच होते. पत्रांतून, दूरध्वनीवरून ते कन्येशीं बोलत. जांवयाची चौकशी मात्र 'बाकी सर्व ठीक ना?' या शब्दांतच आटपून घेत. तीन वर्षें त्यांनीं पेनांगला जाण्याचें या ना त्या कारणानें पुढें ढकललें. शेवटीं पत्नीच्या आग्रहास्तव ते निघाले, तेहि मेतकूट, भाजणी, लिंबाचें लोणचें आणि आंबेमोहर तांदूळ यांनीं एक पेटी भरून घेऊनच.

पेनांगला पोंचल्यापासून गृहस्थ पत्नीच्या हातचा वरणभातच जेवत. जांवई रोज सायंकाळीं शाळेंतून येतांना कांहीं ना कांहीं खाद्य बांधून आणी आणि मोठ्या अदबीनें त्यांच्यापुढें ठेवी. गृहस्थ 'आज पोट जरा जड आहे' असें म्हणून तें बाजूस सारीत. पांच दिवसांत पोट पांच वेळां जड झालें. सहाव्या दिवशीं जांवयानें कांहीं आणलें नाहीं, आणि कन्या त्या रात्रीं फारशी बोलली नाहीं.

आणखी एक बारीकशी अढी होती. जांवई सासऱ्यांना 'मामा' म्हणून हांक मारी. मराठी कानाला ती हांक खटकते, कारण एखाद्याचा मामा बनवणें म्हणजे काय हें आपल्याकडे लहान मुलालाहि ठाऊक असतें. गृहस्थ त्या हांकेला ओ देत. पण स्वतः मात्र जांवयाला कोणत्याच नांवानें हांक मारीत नसत.

पुढें शाळेला सुटी लागली. कन्या कारखान्यांत गेली होती. जांवई सासूसासऱ्यांना घेऊन आयर इताम येथील केक लोक सी हें बौद्ध मंदिर दाखवण्यास गेला. डोंगराच्या उतारावर पायरीपायरीनें चढत गेलेलें हें मंदिर पेनांगमधील एक मोठें प्रेक्षणीय स्थळ आहे. १९३० सालीं पुरा झालेला त्याचा सातमजली मनोरा तर पाहण्यासारखाच आहे. त्याचा तळ चिनी पद्धतीचा अष्टकोनी, मधले मजले सयामी घडणीचे आणि शिखर ब्रह्मी. तीन देशांचे कारागीर एकाच इमारतींत नांदलेले पाहून गृहस्थांना मोठें कौतुक वाटलें. या मनोऱ्याला दहा हजार बुद्धांचा मनोरा असें म्हणतात.

मंदिर उतरून मंडळी खालच्या बाजारांत आलीं, तेव्हां दुपारचे दोन वाजले होते. रस्त्याच्या कडेला एका पत्र्याच्या छपराखालीं भलें मोठें ॲल्युमिनियमचें पातेलें वाफाळत होतें. त्याच्या भोंवतीं बुटकीं स्टुलें मांडून माणसें दाटीवाटीनें बसलीं होतीं. कोणी गिरणींतला कामगार, कोणी पांढऱ्या सदऱ्यांतला कारकून, कोणी शाळेच्या गणवेशांतलीं मुलें; सर्वांच्या हातांत वाडगे आणि सर्वांच्या कपाळावर घाम. जांवई तेथें थबकला. लहानपणीं दर रविवारीं आपले वडील आपल्याला येथें आणीत, असें त्यानें सांगितलें. आणि मग जरा चांचरत विचारलें,

"मामा, पांच मिनिटें बसूं या का?"

गृहस्थांनीं त्या दाटीकडे पाहिलें. वाडगे धुण्याच्या पिंपाकडे पाहिलें. "तुम्ही दोघें खा," ते म्हणाले, "मी नुसता चहा घेईन."

पातेल्याशीं सत्तरीच्या घरांतली एक चिनी बाई उभी होती. जांवयाला पाहतांच तिच्या तोंडावर हंसूं फुटलें, आणि तो तमिळ तरुण तिच्याशीं चक्क तिच्या होक्कियन बोलींत बोलूं लागला. पेनांगमध्यें ही चिनी बोली बाजाराची भाषा होऊन बसली आहे, आणि तेथें वाढलेल्या कित्येक तमिळ व मलय लोकांना ती सहज बोलतां येते. गृहस्थांना हें ठाऊक नव्हतें. आपल्या जांवयाला किती भाषा येतात, हें त्यांनीं कधीं विचारलेंच नव्हतें.

इतक्यांत बाईसाहेबांचें लक्ष भलतीकडेच गेलें होतें. पातेल्याच्या शेजारीं एका परातींत उकडलेल्या मासळीचा ढीग होता, आणि एक ब्रह्मी तरुणी त्यांतला एक एक मासा उचलून मोठ्या चपळाईनें कांट्यांपासून मांस सोडवीत होती. बाईंनीं पुढें वाकून पाहिलें, आणि त्या एकदम म्हणाल्या,

"अहो, हा तर बांगडा!"

त्यांची पारख चुकली नव्हती. मलय लोक ज्याला इकान केंबुंग म्हणतात तो मासा आणि कोंकण किनाऱ्यावरचा बांगडा हे एकाच कुळांतले होत. शास्त्रज्ञ त्या कुळाला रास्ट्रेलिगर असें नांव देतात, आणि त्यांतील आपल्या बांगड्याची जात तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून इंडोनेशियापर्यंत सगळ्या उष्ण समुद्रांत सांपडते. मालवणच्या बाईला हजारों मैलांवर, एका चिनी बाईच्या परातींत, माहेरचें माणूस भेटावें तसें झालें. त्या स्टूल ओढून पातेल्याशींच बसल्या आणि एकेक वस्तु विचारूं लागल्या. जांवई मध्यें बसून दुभाषाचें काम करूं लागला.

या पदार्थाचें नांव आसम लाक्सा. आपल्या आसाम प्रांताशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. मलय भाषेंत आसम म्हणजे आंबट. लाक्सा म्हणजे शेवयांचें एक प्रकारचें पातळ कालवण. या दुसऱ्या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी त्याचा संबंध शेवयांना लावल्या जाणाऱ्या एका जुन्या फारसी शब्दाशीं जोडतात, तर कोणी संस्कृतांतील 'लक्ष' या शब्दाकडे बोट दाखवतात. जुन्या मलय भाषेंत 'लाक्सा' ही संख्याहि आहे. मात्र समुद्र ओलांडतांना तिचें एक शून्य गळालें, आणि तिचा अर्थ दहा हजार असा झाला. आपली कोटि तिकडे 'केती' होऊन लाखावर आली. दहा हजार बुद्धांच्या मनोऱ्याखालीं दहा हजार शेवयांचा वाडगा, असा योग तेथें अनायासें जुळून आला आहे.

मलेशियांत लाक्सा अनेक परींची होते. कोठें ती नारळाच्या दुधांत शिजवतात, आणि मग ती आपल्याकडच्या कढीसारखी दाट व सौम्य लागते. पेनांगमध्यें मात्र लाक्सा म्हटली म्हणजे आंबटच समजावी. तिच्यांत नारळ नाहीं आणि फोडणीहि नाहीं. बांगडे उकडून त्यांचें मांस कुस्करतात, डोकीं व कांटे पुन्हां उकळून तें पाणी गाळून घेतात. सुक्या लाल मिरच्या, लहान कांदे, गवती चहाचे पांढरे दांडे, कुलिंजन आणि ओली हळद यांचें वाटण त्यांत घालतात. त्या वाटणांत बेलाचान नांवाची एक वडीहि असते. अगदीं बारीक कोळंबी खारवून, कुटून, उन्हांत वाळवून ती तयार करतात. कोंकणांतल्या सुक्या जवळ्याची ती चुलत बहीण म्हणावी. शेवटीं केसुम नांवाच्या झुडपाचीं उग्र वासाचीं पानें आणि आल्याच्या वर्गांतील एका उंच झाडाची गुलाबी कळी रश्शांत सोडतात. या कळीला बुंगा कांतान असें म्हणतात. तिचा वास लिंबाचा, आल्याचा आणि फुलाचा असा एकदम येतो.

परंतु या रश्शाचा प्राण म्हणजे त्याचा आंबटपणा. तो दोन वस्तूंनीं येतो. एक चिंच, आणि दुसरी आसम केपिंग, म्हणजे एका फळाच्या पातळ चकत्या करून त्या वाळवून ठेवतात त्या. चिनी बाईनें डब्यांतून दोन काळपट चकत्या काढून बाईंच्या तळहातावर ठेवल्या. बाईंनीं त्या हुंगल्या, एक तुकडा दातांखालीं धरला, आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"हीं तर आमसुलांच्या घरचीं," त्या म्हणाल्या.

हीहि पारख बरोबर ठरली. ज्या झाडाच्या फळाच्या या चकत्या, तें आणि आपला रातांबा हीं दोन्ही झाडें गार्सिनिया या एकाच वनस्पतिवर्गांतील आहेत. अशा रीतीनें दोन दूरच्या किनाऱ्यांवरील लोकांनीं एकाच कुळांतला मासा धरला, आणि त्याला शिजवण्यासाठीं एकाच कुळांतल्या झाडाचें फळ तोडलें. यांत योगायोगापेक्षां अनुभवाचा भाग अधिक आहे. मासळीला जो उग्र वास येतो, तो मुख्यत्वें ट्रायमेथिल-अमाइन नांवाच्या द्रव्यामुळें. हें द्रव्य अम्लाच्या उलट गुणाचें आहे. अम्लाशीं त्याचा संयोग झाला म्हणजे त्याचें लवण बनतें. तें लवण हवेंत उडत नाहीं, आणि म्हणून नाकापर्यंत पोंचत नाहीं. मालवणची गृहिणी बांगड्याच्या तिखल्यांत आमसूल किंवा चिंच घालते आणि वर तिरफळें ठेचून टाकते; पेनांगची बाई आसम केपिंग घालते आणि वर ती गुलाबी कळी टाकते. रसायनशास्त्राचें पुस्तक दोघींपैकीं एकीनेंहि उघडलेलें नसतें. पण उत्तर दोघींचें एकच आलेलें असतें.

इकडे गृहस्थांचा चहा संपला होता. बाई वळून त्यांच्याकडे पाहूं लागल्या.

"तुम्ही घेणार ना?"

"अगं, नको. रस्त्यावरचं खाणं मला मानवत नाहीं. शिवाय रंग तर बघ त्याचा."

रंगाविषयीं ते म्हणाले तें खोटें नव्हतें. दिसण्यावर जाऊं नये असें सांगणारे पुष्कळ पदार्थ जगांत आहेत, आणि लाक्सा त्यांत बरीच वर बसेल. कुस्करलेल्या मासळीनें दाट झालेला तिचा रस्सा पावसाळ्यांतल्या नदीच्या पाण्यासारखा गढूळ तांबूस दिसतो.

बाई क्षणभर थांबल्या. मग आवाज न चढवतां म्हणाल्या,

"चाळीस वर्षांपूर्वीं मालवणला आईनं तुमच्यापुढं पान वाढलं होतं, तें आठवतंय का?"

गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. परंतु त्यांना तें आठवत होतें. ते देशावरच्या शाकाहारी घराण्यांतले. मासे खाणाऱ्या घरांत मुलगा लग्न करतो म्हणून त्यांच्या मातोश्री वर्षभर नीट बोलल्या नव्हत्या. लग्नानंतर प्रथमच ते सासुरवाडीस गेले, तेव्हां सासूबाईंनीं बांगड्याचें तिखलें केलें होतें. नव्या जांवयाला तें चालतें कीं नाहीं, हें त्या साध्या बाईच्या ध्यानींच आलें नाहीं. मागाहून कळलें तेव्हां ती दाराआड उभी राहिली. पुढें येऊन पान उचलावें, तर जांवयाचा अपमान. न उचलावें, तर अधर्म. त्या वेळीं एका पंचवीस वर्षांच्या तरुणानें भाताचा घांस त्या तिखल्यांत बुडवून तोंडांत घातला होता, डोळ्यांतून पाणी काढीत तो गिळला होता, आणि 'थोडं आणखी वाढा' असें म्हटलें होतें. दाराआडची ती बाई पुढें मरेपर्यंत ही गोष्ट गांवभर सांगत असे. त्या दिवसापासून मालवणचें घर त्यांना परकें राहिलें नव्हतें.

गृहस्थांनीं मान वर केली. जांवई पातेल्याकडे तोंड करून उभा होता. त्याला मराठी संभाषणांतलें बहुतेक कळत नव्हतें, पण सासऱ्यांनीं पुन्हां नकार दिला एवढें त्यानें ओळखलें होतें, आणि तो दोनच वाडगे सांगत होता.

"तीन सांगा," गृहस्थ म्हणाले. हे दोन शब्द जांवयाला कळले.

चिनी बाईनें वाडग्यांत तांदळाच्या जाडसर, पांढऱ्याशुभ्र शेवया घातल्या. त्यांवर कढत रस्सा ओतला आणि लागलीच तो परत पातेल्यांत निथळला. पुन्हां ओतला, पुन्हां निथळला. शेवया आंतपर्यंत गरम व्हाव्यात आणि त्यांत रस्सा मुरावा, म्हणून ही खटपट. तिसऱ्यानें वाडगा कांठोकांठ भरला. त्यावर काकडीच्या व अननसाच्या बारीक सळ्या, कांद्याचे काप, पुदिन्याचीं पानें, चिरलेली ताजी लाल मिरची आणि त्या गुलाबी कळीचे तुकडे आले. वाडग्याच्या कडेला एका चिनी चमच्यांत काकवीसारखा दाट काळा पदार्थ होता. तो हे-को, कोळंबीचा अर्क साखरमिठाबरोबर आटवून तो करतात. ज्याला जितका रुचेल तितका त्यानें रश्शांत कालवावा.

गृहस्थांनीं पहिला घोट घेतला. आंबटपणानें प्रथम त्यांचे जबडे आवळले. त्यामागून मिरची आली, ती थेट कानापर्यंत गेली. मग कोठून तरी त्या फुलाचा वास वर आला, आणि नाक मोकळें झालें. त्यांनीं दुसरा घोट घेतला. काळा पदार्थ थोडा कालवून तिसरा घेतला. आतां आंबटतिखटाच्या खालीं एक खोल गोडी लागूं लागली. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ती जोडी नवी नव्हती. अननसाची थंड सळी दातांखालीं आली म्हणजे तोंडाची आग क्षणभर शमे, आणि पुढच्या घोटाची इच्छा होई. कपाळावरचा घाम पुसण्यासाठीं त्यांनीं उपरण्याऐवजीं हातरुमाल काढला, एवढाच काय तो शेजाऱ्यांहून त्यांचा फरक उरला.

बाई म्हणाल्या, "तिखल्याच्या जवळ आलं आहे, फक्त तिरफळ हवं होतं."

या एका वाडग्यांत किती देशांचें देणें आहे, याचा विचार करण्यासारखा आहे. आंबट रश्शांत मासळी शिजवण्याची रीत मलय लोकांची. शेवया खाण्याची आवड आणि तो काळा अर्क चिनी लोकांचा. चिंचेचें झाड मूळचें आफ्रिकेंतलें. तें हिंदुस्थानांत इतकें जुनें झालें कीं अरबांनीं तिला हिंदी खजूर म्हटलें. मिरची आणि अननस तर अमेरिका खंडांतले. कोलंबसानें १४९२ मध्यें तो मार्ग उघडल्यावर पोर्तुगीजांच्या गलबतांतून या वस्तु पूर्वेकडे आल्या. आल्फोन्सो द आल्बुकर्क यानें १५१० सालीं गोवें घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं, १५११ मध्यें, मलाक्का घेतलें. गोव्याच्या आणि मलाक्काच्या स्वयंपाकघरांत या नव्या वस्तु शिरल्या त्या याच दर्यावर्दी सत्तेच्या मागोमाग. मराठींत आपण अननस म्हणतों, मलय लोक नानास म्हणतात. दोन्ही शब्द दक्षिण अमेरिकेंतल्या एकाच मूळ शब्दाचे, पोर्तुगीजांच्या तोंडून आलेले. आज मिरचीवांचून कोंकणी स्वयंपाक किंवा लाक्सा यांची कल्पनाहि करवत नाहीं. परंतु कोणे एके काळीं या दोन्ही किनाऱ्यांवर कोणी तरी ती प्रथम तोंडांत घातली असेल, आणि घरच्या वडील माणसांनीं भुंवया चढवल्या असतील.

खाणें झाल्यावर गृहस्थांनीं त्या वृद्ध बाईला विचारलें, कीं तुमच्यामागें हें कोण चालवणार? तिनें मोकळेपणानें सांगितलें. मुलगा मेलबर्नला असतो, मुलगी सिंगापूरला. पहांटे चारला उठून मासळी निवडण्याचें हें काम त्यांनीं कां करावें? मग तिनें हनुवटीनें त्या ब्रह्मी तरुणीकडे खूण केली. सात वर्षें ती येथें आहे. रश्शाच्या नुसत्या वासावरून चिंच कमी पडली कीं जास्त, हें ती सांगते. पण तिच्या हातांत पळी देतां येत नाहीं.

याचें कारण असें, कीं २०१६ पासून पेनांगच्या राज्यसरकारनें रस्त्यावरील खाद्यविक्रीच्या ठिकाणीं तेथील खास पदार्थ परदेशी स्वयंपाक्यांनीं शिजवूं नयेत असा निर्बंध घातला. त्या पदार्थांत आसम लाक्साहि येते. परदेशी कामगारानें भांडीं घासावींत, सामान वाहावें. चुलीपाशीं मात्र तेथलाच नागरिक असावा. हा नियम केवळ दुष्टपणाचा आहे असें म्हणतां येणार नाहीं. पेनांगचें नांव या रस्त्यावरच्या पदार्थांमुळें जगांत झालें आहे. मालक घरीं बसून नवशिक्या मजुराच्या हातीं पळी देऊं लागले, तर दहावीस वर्षांत चव बिघडेल आणि ती पुन्हां कोणाला साधणार नाहीं, ही भीति खरी आहे. हातची विद्या एकदां गेली, कीं ती कागदावरून परत येत नसते. परंतु जिच्या घरचें पोर ती विद्या घेण्यास तयार नाहीं, आणि जी तयार आहे तिला ती देतां येत नाहीं, त्या म्हाताऱ्या बाईनें काय करावें? ज्या वाडग्यांतील निम्म्याशिम्म्या वस्तु जहाजांतून आल्या, आणि जो विकणारांचे आजेपणजेहि जहाजांतूनच आले, त्याच्या चुलीशीं परक्याची व्याख्या करणें सोपें नाहीं. खऱ्या अर्थानें चव राखतो तो ती मन लावून शिकणारा. त्याचा जन्म कोठें झाला, हें जिभेला सांगतां येत नाहीं.

गृहस्थ हें सर्व ऐकून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं जांवयाला एक प्रश्न विचारला. तो लाक्सेविषयीं नव्हता. "तुम्ही मला मामा कां म्हणतां?"

जांवई जरा गोंधळला. तमिळ भाषेंत सासऱ्याला मामाच म्हणतात, असें तो म्हणाला. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची रीत आमच्यांत जुनी. त्यामुळें मामा आणि सासरा यांना शब्द एकच. याहून मानाचा दुसरा शब्द मला येत नाहीं.

बाई हंसल्या. "अहो, माझी आई माझ्या आजोबांना मामंजी म्हणायची कीं नाहीं? मग यानं काय वेगळं केलं?"

महाराष्ट्रांतल्या जुन्या घरांत सुना सासऱ्यांना मामंजी म्हणत, हें खरेंच आहे. आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. तीन वर्षें जी हांक कानाला खटकत होती, ती आपल्याच घरांतल्या एका जुन्या हांकेची जुळी बहीण निघाली.

निघतांना बाईंनीं आसम केपिंगची एक पुडी विकत घेतली. वृद्ध बाई पैसे घेण्यास तयार होईना. शेवटीं मुंबईहून आणलेल्या आमसुलांपैकीं थोडीं तिला पाठवण्याचें ठरलें, तेव्हां सौदा मिटला. त्या रात्रीं घरीं बांगडे आणले. बाईंनीं तिखलें करावयास घेतलें. कन्येनें लहानपणापासून तें खाल्लें होतें. करण्यास मात्र कधीं शिकली नव्हती, आणि त्या दिवशींहि ती कामानें थकून आली होती. पाट्याशीं येऊन उभा राहिला तो जांवई. किती आमसुलें, तिरफळें केव्हां टाकावयाचीं, पाणी किती आटवावयाचें, हें तो वहींत टिपून घेत होता. बाईंनीं त्याच्या हातांत पळी दिली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जांवई कांहीं कामासाठीं बाहेर पडत होता. गृहस्थ खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनीं पत्र खालीं केलें आणि दारापर्यंत पोंचेल अशा आवाजांत विचारलें,

"जांवईबापू, संध्याकाळीं येतांना काय आणणार आहांत?"